मायेला कागद हवा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दीत, अधूनमधून तळहाताएवढा एक चौकोन दिसतो. त्यात एका तान्ह्या मुलाचे धुरकट छायाचित्र असते. खाली तीन-चार ओळी : हे बालक अमुक तारखेला अमुक ठिकाणी मिळून आले, त्याच्या पालकांनी दिलेल्या मुदतीत संपर्क साधावा, अन्यथा पुनर्वसनाची पुढील कार्यवाही करण्यात येईल. आपण पान उलटतो. चौकोनातली मुदत संपते, कोणी येत नाही, आणि यथावकाश ते मूल दत्तक जाण्यास कायद्याने मोकळे होते. पण एक कायदा मुलाला मोकळे करत असताना दुसरा कायदा त्याच्या होणाऱ्या आईची रजा बुडवून बसलेला असतो. सुरू होण्याआधीच संपणारी रजा आपल्या कायद्याला जमली आहे.

२८ नोव्हेंबर म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी पुण्याच्या गंज पेठेतल्या फुलेवाड्यात हार चढतात, भाषणे होतात. मुलींच्या शाळेची आठवण निघते, अस्पृश्यांसाठी खुल्या केलेल्या हौदाची निघते, आणि निघायलाच हवी. जोतीराव आणि सावित्रीबाई या जोडप्याने एक मूल दत्तक घेऊन वाढवले, ही आठवण मात्र भाषणाच्या शेवटी, वेळ उरला तर येते. नोव्हेंबर हा आपल्याकडे दत्तकाविषयी जागृतीचा महिना म्हणूनही पाळला जातो. आणि २०२४च्या नोव्हेंबरात, १२ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला एक साधा प्रश्न विचारला : दत्तक आईला रजा द्यायची, पण मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच द्यायची, यामागचा तर्क काय? न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने उत्तरासाठी तीन आठवडे दिले. पुढची तारीख १७ डिसेंबरची होती. ज्या याचिकेवर हा प्रश्न विचारला गेला ती एका दत्तक आईने केली २०२१ साली. ज्या मुलांसाठी रजा मागितली ती मुले एव्हाना शाळेत रुळलीही असतील.

मूळ कायदा १९६१चा मातृत्व लाभ कायदा. त्यात २०१७ साली मोठी दुरुस्ती झाली, १२ आठवड्यांची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि आपण जगातल्या उदार देशांत जाऊन बसल्याचे समाधान सगळ्यांनी मानले. त्याच दुरुस्तीने दत्तक आईचा प्रथमच या कायद्यात समावेश केला. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु दार उघडताना चौकट इतकी अरुंद ठेवली की आत कोणी शिरूच नये. कलम ५ (४) म्हणत होते : तीन महिन्यांहून कमी वयाचे मूल कायदेशीर दत्तक घेणाऱ्या स्त्रीला, मूल ताब्यात मिळाल्यापासून १२ आठवडे रजा. मूल तीन महिने आणि एक दिवसाचे असेल तर शून्य. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. म्हणजे चूक एकदा झाली असे म्हणायची सोय नाही. ती तपासून पुन्हा केली आहे.

आता तीन महिन्यांचा हिशेब करून पाहू. जन्मदात्या आईने मूल स्वतः बालकल्याण समितीच्या स्वाधीन केले, तर बालन्याय कायदा तिला फेरविचारासाठी दोन महिने देतो. हे दोन महिने योग्यच आहेत. कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या दडपणाखाली सही झाली हे सहीवरून कळत नाही. मूल बेवारस सापडले असेल तर त्याच्या माणसांचा शोध घ्यावा लागतो, तो चौकोन छापावा लागतो, आणि दोन वर्षांखालच्या मुलाबाबत समितीने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत. म्हणजे नव्वदांतले साठ दिवस मुलाला मोकळे करण्यातच गेले. उरले तीस. त्या तिसांत वैद्यकीय तपासणी, मुलाचा अहवाल, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या म्हणजे ‘कारा’च्या यंत्रणेवर नोंद, यादीतल्या पालकांना निरोप, त्यांचा होकार, संस्थेतली भेट, दत्तक समितीची बैठक आणि मग मूल घरी. तेही मूल जन्मल्या दिवशीच समितीपुढे आले, मधे एकही सुटी आली नाही आणि एकही कागद अडला नाही असे धरून. सरकारी टेबलांचा अनुभव असलेल्या कोणाही माणसाला विचारा, हे जमेल का म्हणून.

बरे, हे पालक काल-परवा हौस म्हणून आलेले नसतात. नोंदणी, गृहभेट, उत्पन्नाचे दाखले, वैद्यकीय दाखले, ओळखीच्यांची शिफारसपत्रे हे सारे करून तीन-साडेतीन वर्षे ते यादीत थांबलेले असतात. साडेतीन वर्षे थांबलेल्या आईला, मूल साडेतीन महिन्यांचे झाले म्हणून रजा नाही, असा हा न्याय. खरे सांगायचे तर या कलमात अलगद बसेल अशी एकच दत्तक आई आपल्या माहितीत आहे : यशोदा. मूल जन्मले त्याच रात्री तिच्या कुशीत पोहोचले. मधे ना बालकल्याण समिती, ना जाहिरातीचा चौकोन, ना प्रतीक्षा यादी. फक्त यमुना. ती नोकरी करत नव्हती, हा भाग वेगळा.

या तरतुदीच्या बाजूने जे बोलले जाते तेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. बाळंतीण आणि दत्तक आई यांची तुलना कशी करता, असा आक्षेप घेतला जातो. गर्भारपण, प्रसूती, टाके, अंगावरचे दूध यांतले काहीही दत्तक आईच्या वाट्याला येत नाही. मग २६ आणि २६ कसे? आक्षेप पोकळ नाही. कायद्यानुसार २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर बाईला कामावर ठेवायलाच बंदी आहे, ते शरीर सावरायचे. आठ आणि सहा चौदा. सव्वीसांतून चौदा गेले, बारा उरले. दत्तक आईला दिलेले १२ आठवडे नेमके तेवढेच. कागदावर हा हिशेब जुळतो. प्रत्यक्षात आपल्या बहुतेक मुली नवव्या महिन्यापर्यंत कामावर जातात, ते आठ आठवडे बाळासाठी राखून ठेवतात आणि कायदाही त्यांना तशी मुभा देतो. म्हणजे त्या आठवड्यांवर शरीरापेक्षा बाळाचा हक्क मोठा आहे हे कायद्यालाही मान्य आहे. तरीही वादासाठी बाराचा आकडा एक वेळ मान्य करू. पण मग तीन महिन्यांची अट कुठून आली? शरीराचे चौदा आठवडे वजा केल्यावर जे उरते ते निव्वळ मुलाचे. आणि ते जर मुलाचे असेल, तर सहा महिन्यांच्या, दोन वर्षांच्या, सहा वर्षांच्या मुलाचे का नाही? बाराचा हिशेब मांडता येतो. तीन महिन्यांचा मांडता येत नाही. केंद्राची खरी अडचण ही आहे.

त्या अटीमागे एक समजूत दडलेली दिसते : मूल जितके मोठे तितकी त्याची गरज कमी. पोटच्या मुलाबाबत ती काही अंशी खरी आहे. दोन वर्षांचे मूल आईला दोन वर्षे ओळखत असते. दत्तक मुलाबाबत ती नेमकी उलटी आहे. संस्थेतल्या मावश्या जीव लावतात, पण एका मावशीच्या वाट्याला मुले अनेक आणि पाळ्या बदलत्या. अशा ठिकाणाहून आलेले दोन वर्षांचे मूल पहिले काही दिवस विलक्षण शहाण्यासारखे वागू शकते. रडत नाही, हट्ट करत नाही. नवखे नातेवाईक कौतुक करतात, किती गुणी आहे म्हणून. जाणत्या पालकांच्या मात्र पोटात कालवते, कारण रडले की आपल्यासाठीच कोणीतरी येते हे त्या मुलाला अजून ठाऊकच झालेले नसते. घरात येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ताई म्हणते, आईलाही. रात्री पूर्ण अंधार केला की दचकते, कारण तिथे दिवा लागलेला असायचा आणि शेजारी दहा श्वास ऐकू यायचे. पाच-सहा वर्षांचे मूल उशीखाली पोळी लपवून ठेवते. त्याला आधीचे घर, आधीचे नाव, कधी आधीची भाषाही आठवत असते. या मुलाला ही माणसे उद्याही असणार, परवाही असणार हे पटायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजे कोणीतरी दिवसभर घरात असणे. त्याला दुसरा उपाय नाही, औषध नाही.

आज घडते काय? समजा, खराडीतल्या एखाद्या कंपनीत काम करणारी एक बाई आहे. गर्भारपणाला नऊ महिन्यांची सूचना असते. दत्तकाला अठ्ठेचाळीस तासांची. एका दुपारी मोबाइलवर निरोप येतो, फोटो येतो, आणि दोन दिवसांत हो की नाही सांगायचे असते. ती हो म्हणते. मूल आहे चौदा महिन्यांचे, संस्था आहे दुसऱ्या जिल्ह्यात. ती मनुष्यबळ विभागाला विचारते. तिथून अगदी गोड उत्तर येते : अभिनंदन! मात्र धोरणानुसार मूल तीन महिन्यांच्या आतले हवे. तुमची हक्काची रजा किती शिल्लक आहे? नाहीतर काही दिवस घरून काम करा. मूल तीन महिन्यांच्या आतले असते तरी पुढचा अडथळा होताच. मूल घरी येते ते आधी दत्तकपूर्व ताब्यात. दत्तकाचा अंतिम आदेश नंतर, कधी कित्येक आठवड्यांनी हाती पडतो. कलमात शब्द दोन्ही आहेत, ‘कायदेशीर दत्तक’ आणि ‘ताबा मिळाल्यापासून’. रजा द्यायची नसेल त्याला पहिला शब्द पुरतो : आदेशाची प्रत जोडा, मग पाहू. तोवर मूल घरात आणि आई ऑफिसात.

मग ती शिल्लक रजेचे पंधरा दिवस घेते. सोळाव्या दिवशी मूल पाळणाघरात जाते. यातला विरोधाभास कोणाला टोचत कसा नाही? ज्या मुलाला संस्थेतून बाहेर काढण्यासाठी राज्याने समिती नेमली, प्राधिकरण नेमले, पालकांची साडेतीन वर्षे पारख केली, गृहभेटी केल्या, त्याच मुलाला पंधरवड्यात पुन्हा एका खोलीत, पुन्हा अनोळखी मावशीकडे, पुन्हा दहा मुलांत दिवसाचे नऊ तास बसवले. चांगल्या पाळणाघरांविषयी तक्रार नाही. तीच नसती तर शहरातल्या निम्म्या नोकऱ्या थांबल्या असत्या. पण या मुलासाठी ते पाळणाघर नसते. ते परत पाठवणे असते. निदान त्याला तसे वाटते, आणि त्याच्या वाटण्याला इथे सर्वांत जास्त किंमत असायला हवी.

सरकार स्वतःच्या कर्मचाऱ्यांशी मात्र वेगळे वागते. केंद्र सरकारी सेवेतल्या स्त्रीला एक वर्षाखालचे मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची रजा आहे, आणि दत्तक पित्याला १५ दिवसांची. मूल तेच, संस्था तीच, कारा तीच. आई सरकारी असेल तर मूल वर्षभर तान्हे आणि खासगी कंपनीतली असेल तर तिसऱ्या महिन्यात मोठे. एक वर्षाची अटही पुरेशी नाही, कारण मोठ्या मुलांना घरे मिळत नाहीत हे दत्तक क्षेत्रातले आजचे सर्वांत मोठे दुखणे आहे. प्रत्येकाला तान्हे बाळ हवे असते म्हणून यादी लांबते आणि चार-सहा वर्षांची मुले, भावंडांच्या जोड्या, अपंग मुले संस्थांत मागे राहतात. ज्यांना पुढे न्यायला जास्त धाडस आणि जास्त वेळ लागतो, नेमक्या त्यांच्याच पालकांचा वेळ कायदा काढून घेतो. मोठ्या मुलांना घरे द्या असे आवाहन एका खात्याने करायचे आणि ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या खात्याने दंड करायचा, अशातली ही गत.

पित्याचे तर नावच नको. खासगी क्षेत्रातल्या बापाला, जन्मदात्या असो की दत्तक, कायद्याने एक दिवसाचीही रजा नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांच्या वाट्याला जे येते तेच त्याच्या वाट्याला आले. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका अविवाहित तरुण अभियंत्याने २०१६च्या आरंभी डाउन सिंड्रोम असलेले मूल दत्तक घेतले, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. बालन्याय कायदा अविवाहित पुरुषाला मुलगा दत्तक घेऊ देतो. मातृत्व लाभ कायद्याच्या लेखी मात्र त्या घरात पालकच नसतो. दत्तकात तर बापाला रजा नाकारण्याचे नेहमीचे कारणही लंगडे पडते. बाळंतपण दोघांनाही नाही. त्या मुलासाठी दोघेही सारखेच नवे आहेत.

महाराष्ट्राला दत्तक नवे नाही. ‘ओटीत घातले’, ‘मांडीवर दिले’ हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत घरच्यासारखे आहेत. फरक एवढाच की ते दत्तक घराण्यासाठी होते : गादीला वारस हवा, पिंडाला हात हवा, आणि म्हणून मुलगाच हवा. १८४८ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक नामंजूर झाले आणि राज्य खालसा झाले. पाच-सहा वर्षांनी झाशीची तीच कथा. नामंजूर करणारी तेव्हाही कंपनीच होती. आजची कंपनी राज्य मागत नाही, फक्त हजेरी मागते, पण दत्तक मूल हे ‘तसले’ मूल, पूर्ण नव्हे, ही नजर फारशी बदललेली नाही. समाज मात्र बदलला. काराच्या नोंदींत वर्षानुवर्षे दत्तक जाणाऱ्या मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. म्हणजे लोक आता वारस शोधायला जात नाहीत, मूल शोधायला जातात. घराण्यासाठीच्या दत्तकापासून मुलासाठीच्या दत्तकापर्यंत हा जो प्रवास झाला, त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. ससून रुग्णालयाच्या आवारातले सोफोश संस्थेचे ‘श्रीवत्स’ आणि भारतीय समाज सेवा केंद्र यांसारख्या संस्थांनी दत्तक ही लपवायची गोष्ट नाही, हे दोन-तीन पिढ्यांना शिकवले. एके काळी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घर बदलणारी जोडपी होती. आज मूल घरी आल्याचा दिवस दुसरा वाढदिवस म्हणून साजरा होतो आणि सोसायटीभर पेढे वाटले जातात. आजी-आजोबा बदलले, शेजारी बदलले. मागे राहिला तो कंपनीच्या धोरणपुस्तिकेतला एक परिच्छेद.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. तो टाळण्यात अर्थ नाही. दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांचा मातृत्व लाभ राज्य कामगार विमा योजनेतून जातो. त्यावरच्या पगाराचा संपूर्ण भार एकट्या मालकावर पडतो. चाकणच्या पन्नास माणसांच्या कारखानदाराला तो जड वाटतो हे खोटे नाही, आणि त्यामुळे लग्नाच्या वयाच्या मुलींना मुलाखतीतच बाजूला सारले जाते हेही खोटे नाही. पण दत्तकाचे आकडे पाहा. काराच्या नोंदीनुसार २०२३-२४ या वर्षात देशभरात दत्तक गेलेली मुले सुमारे चार हजार. त्यांतली चारशेंहून अधिक परदेशांत गेली. उरलेल्यांच्या सगळ्याच आया नोकरदार नाहीत. देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक जन्म होतात. त्यांच्याशी तुलना केली तर पाच-सहा हजारांत एक, असे हे प्रमाण. हजार माणसांच्या कंपनीत अशी वेळ कित्येक वर्षांत एकदा येईल. एवढ्याने जी कंपनी बुडेल ती इतर कारणांनी आधीच बुडालेली असेल.

आणि भार कोणी उचलायचा हा वादही आपल्या प्रांताला नवा नाही. कामगार स्त्रियांना मातृत्व लाभ मिळावा यासाठी नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले, ते फेटाळले गेले. पुढे १९२८च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात असेच विधेयक आले तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने हाच खर्चाचा मुद्दा पुढे झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांची भूमिका अशी होती की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून मोठा वाटा सरकारने उचलावा. पण बाईच्या कामाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला, भारतातला पहिला. शंभर वर्षे होत आली तरी वाटणीचे ते सूत्र आपण नीट अमलात आणलेले नाही. वाढीव रजेतल्या सात आठवड्यांचा पगार मालकांना परत द्यावा असा विचार केंद्राने २०१८ साली बोलून दाखवला होता. दत्तकाची संख्या एवढी थोडी आहे की त्या सूत्राचा पहिला प्रयोग इथेच, फारसा खर्च न होता, करता येईल.

बाहेरच्या जगाने हा गुंता केव्हाच सोडवला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० सालच्या शिफारशीत दत्तक पालकांनाही मातृत्व संरक्षणाच्या कक्षेत घ्यावे असे सुचवले. ब्रिटनमध्ये दत्तक पालकांपैकी एकाला ५२ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते, तीही मूल तान्हेच हवे अशी अट न घालता. तिथे स्थायिक झालेली मराठी जोडपी या रजेची हक्कदार आहेत; त्यांच्या पुण्यातल्या बहिणी नाहीत. आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ साली, सरोगसीने आई झालेल्या एका स्त्रीला रजा नाकारणारा आदेश रद्द करताना, मातृत्व म्हणजे केवळ प्रसूती नव्हे हे स्पष्ट केले होते. दिशा दिसलेली आहे, चालायचे तेवढे राहिले आहे.

म्हणून मागण्या मोजक्या आणि सरळ असाव्यात. पहिली : तीन महिन्यांची अट काढून टाका. वय जन्मापासून मोजू नका, नाते उंबरठ्यापासून मोजा. मूल घरात आले तो दिवस पहिला. आदेशाची प्रत मागाहून आली तरी चालेल. दुसरी : १२ आणि २६ हा भेद संपवा, आणि मोठ्या मुलाच्या पालकांना ही रजा पहिल्या वर्षभरात तुकड्यांनी घेण्याची मुभा द्या, शाळेचा पहिला आठवडा, समुपदेशनाचे दिवस, अचानक उसळणाऱ्या तापाचे आणि रागाचे दिवस एकाच वेळी येत नाहीत. तिसरी : दुसऱ्या पालकाला, आणि एकट्या पुरुष पालकाला, भरपगारी रजेचा कायदेशीर हक्क द्या. चौथी : मोठा भार विमा निधीतून वाटून घ्या.

यासाठी न्यायालयाची वाट पाहायला हवी असेही नाही. मातृत्व लाभ हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत बहिणींना कोण किती जास्त देणार याची बोली आपण महिनाभर ऐकली. या चार ओळींच्या दुरुस्तीला तिजोरीतून फारसे काही जाणार नाही. मतेही फारशी मिळणार नाहीत, हीच तिची अडचण. १९२९ साली या प्रांताने देशाआधी पाऊल टाकले होते. दुसरे पाऊल टाकण्याची राज्याला मुभा आहे. हिंजवडी, मगरपट्टा, खराडीतल्या कंपन्यांना तर तेवढीही वाट पाहायची गरज नाही. कायद्याने ठरवलेली रजा ही किमान असते. त्याहून जास्त देण्यास कोणी मनाई केलेली नाही. काही कंपन्या वयाची अट न घालता पूर्ण रजा देतात आणि त्यांचे कामकाज व्यवस्थित चालू आहे. बाकीच्यांनी धोरणपुस्तिका उघडावी, तो परिच्छेद शोधावा आणि अर्धे वाक्य खोडावे.

शेवटी पुन्हा फुलेवाडा. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४च्या सुमारास दत्तक घेतला, यशवंत असे नाव ठेवले, आपल्या हाताखाली वाढवला. त्या काळातल्या पुण्यात या गोष्टीला किती धैर्य लागले असेल ते वेगळे सांगायला नको. पण जोतीरावांचे खरे शहाणपण पुढेच आहे. त्यांनी मायेवर विसंबून काम सोडले नाही. १८८७ साली मृत्युपत्र केले आणि यशवंत आपला वारस, असे कागदावर लिहून ठेवले. आपल्यामागे लोक काय करतील याची त्यांना पुरती कल्पना असावी. चरित्रकार सांगतात, १८९०च्या नोव्हेंबरात अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी वाद काढलाच : दत्तकाला टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढचे मडके, धरण्याचा अधिकार काय? तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते स्वतःच्या हातात घेतले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७च्या प्लेगात त्याने हडपसरच्या माळावर दवाखाना उघडला, आई तिथे रोग्यांची शुश्रूषा करत राहिली, आणि त्याच साथीत गेली. कोणाचे रक्त कोणाचे, हा प्रश्न त्या माळावर कोणी विचारला नसेल.

दत्तक आईविषयी आपल्या समाजात मायेची कमतरता नाही. कौतुक आहे, डोळ्यांत पाणी आहे, पेढे आहेत. जोतीरावांना ठाऊक होते की एवढ्याने भागत नाही. वाद निघतो तेव्हा माया साक्षीला उभी राहत नाही, कागद राहतो. स्मृतिदिनी वाड्यावर हार घेऊन जाणाऱ्यांत मंत्री असतील, आमदार असतील, कंपन्यांचे संचालकही असतील. त्यांनी हार जरूर घालावा. आणि परतल्यावर आपापल्या टेबलावरचा तो कागद दुरुस्त करावा.